इनाया बसायला शिकली तो हंगाम

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले की दारव्ह्याहून दिग्रसकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. जिनिंगकडं, सरकी काढायच्या कारखान्याकडं, निघालेल्या गाड्या काठोकाठ भरलेल्या असतात. वरच्या जाळीतून पांढरे पुंजके निसटतात, थोडा वेळ वाऱ्यावर तरंगतात आणि काट्यांना अडकून राहतात. यंदाही परवा बसच्या खिडकीतून ते दिसले. ऊन कोवळं होतं. पलीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीत बायका कंबरेला ओटी बांधून वेचणीला लागल्या होत्या. मी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली आणि उगाचच दोन्ही तळहात उघडून पाहत बसले. काही आठवणी मला डोळ्यांआधी तळहातात येतात. बहुतेक माझ्या कामामुळं.

मी लहान मुलांची थेरपिस्ट आहे. ज्या बाळांना मान धरायला, पालथं पडायला, बसायला उशीर होतो त्यांच्यासोबत चटईवर बसायचं, हा माझा रोजचा उद्योग. लोकांना वाटतं मी व्यायाम करून घेते. आठ महिन्यांच्या जिवाला कसला आला व्यायाम! मी हात लावते, वाट पाहते, हात काढते. एवढंच. पण हे एवढंच शिकायला मला एक अख्खा हंगाम लागला, आणि तो हंगाम नऊ वर्षांपूर्वी दिग्रसच्या एका गल्लीत गेला.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नागपुरात शिकून नुकतीच दारव्ह्याला घरी परतले होते आणि दिग्रसच्या एका लहानशा केंद्रात रुजू झाले होते. खोली एकच. पूर्वेला खिडकी. सकाळी तिच्यातून उन्हाचा एक चौकोन चटईवर पडायचा आणि जसजसा दिवस चढे तसतसा भिंतीकडं सरकत जायचा. मी बाळांना त्या उन्हात ठेवायची. ऊन सरकलं की चटई सरकवायची. आता त्या खोलीचा विचार केला की सगळं थोडं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. हवेत तरंगणारे धूळकण, जिनिंगच्या यंत्रांची लांबून येणारी एकसुरी घरघर, सरकीचा तो तेलकट, गोडसर वास.

बाळाची वाढ पाहणं हे मला अजूनही स्वप्न पाहण्यासारखं वाटतं. सुरुवातीला बाळ नुसतं सांडलेलं असतं. मग एक दिवस पालथं ठेवलं की ते मान उचलतं, दोन क्षण जग पाहतं आणि दमून गाल टेकतं. पुढं कधीतरी त्याला स्वतःचे हात सापडतात. दोन्ही हात छातीवर एकमेकांना भेटतात आणि बाळ त्यांच्याकडं असं पाहतं, जणू कोणी पाहुणे आलेत. त्यानंतर गुडघे सापडतात, पावलं सापडतात, अंगठा थेट तोंडात जातो. कुशीवर वळता वळता एके दिवशी ते पालथं होतं आणि स्वतःच दचकतं. हे सगळं घराघरांत होत असतं आणि कोणाचं लक्षही नसतं. भात शिजतो तसं ते होतं. ज्या घरात होत नाही, तिथं मात्र एकेक गोष्ट डोंगराएवढी होऊन बसते.

नसीम इनायाला घेऊन आली तो दिवस गुरुवारचा होता की शुक्रवारचा, आठवत नाही. नसीमच्या निळ्या ओढणीचा पदर आठवतो. वय माझ्याएवढंच. कडेवर पोर होतं, पण कडेवर बसलेलं नव्हतं. मागं ताणलं गेलं होतं, डोकं मागं, पाय सरळ, मुठी घट्ट. नसीम तिला दोन्ही हातांनी कवटाळून धरत होती, आणि जितकं कवटाळावं तितकी ती ताणत होती.

"आठ महिन्यांची हाय," नसीम म्हणाली. "दोन महिने आधी झाली. काचेत ठेवली होती वीस-बावीस दिवस. मानच धरून नाही राह्यली, मॅडम."

आमच्या हिशेबात आधी जन्मलेल्या बाळाचे ते दोन महिने वजा करतात. म्हणजे इनाया सहा महिन्यांची. तरीसुद्धा मान धरलेली असायला हवी होती. मी उत्साहानं कामाला लागले. कॉलेजात मी बाहुलीवर सगळं शिकले होते आणि बाहुली कधी रडत नाही. तिला पाठीवर ठेवलं. दोन्ही हात धरून उठवून पाहिलं, मान मागं लोंबत राहिली. पालथं केलं. पाय वाकवून पाहिले. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. माझ्यासमोर कागद होता आणि कागदावर रकाने होते.

इनाया आधी कण्हली, मग रडली, मग तिचं रडणं रडण्यासारखं राहिलं नाही. श्वास अडकला, चेहरा काळानिळा झाला, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि पोटातलं दूध चटईवर आलं. मी तिला थोपटायला गेले. नसीमनं माझ्या हातातून तिला उचललं. ओढणीनं पोरीचं तोंड पुसलं आणि निघून गेली. उन्हाचा चौकोन ओल्या चटईवर तसाच पडून होता.

मी कागदावर लिहिलं, "मूल सहकार्य करत नाही." हे वाक्य मी लिहिलं हे आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी रोज सकाळी दाराकडं पाहायची. दुसरी बाळं येत होती, जात होती, पण माझ्या हातांना ते ताठ अंग आठवत होतं. शेवटी एका दुपारी काम आटोपून मी पत्ता शोधत निघाले. गादीवाल्यांची गल्ली म्हटल्यावर सगळ्यांनी बोट दाखवलं.

गल्लीत शिरल्या शिरल्या कळलं. दारांपुढं, ओट्यांवर, विजेच्या तारांवर, सगळीकडं रुई. ऊन तिरपं आलं होतं आणि हवेत एवढे बारीक तंतू तरंगत होते की समोरचं माणूस मलमलीतून पाहावं तसं दिसत होतं. एका ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ पाय पसरून बसले होते आणि गादीत कापूस भरत होते. पांढरी दाढी आणि कापूस यांत फरक करता येत नव्हता. हे हमीदचाचा, नसीमचे सासरे. त्यांच्या पाठीशी पिंजायचं यंत्र होतं.

"तुम्हीच का त्या मॅडम?" मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं.

"हो चाचा."

"आमची पोरगी लई रडली म्हने तुमच्यापाशी."

"हो. चूक माझी होती. मी घाई केली."

त्यांचा गादीतला हात थांबला. बहुतेक त्यांना भांडणाची तयारी ठेवावी लागेल असं वाटलं होतं. त्यांनी आत हाक मारली. नसीम दारात आली, इनाया तशीच ताणलेली, तिच्या खांद्यावर.

"मी नाही आणत आता," नसीम म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सगळे मलेच बोलतात. तू जड उचललं असंन, तू हे खाल्लं असंन, म्हनून पोरगी अशी झाली. मी ऐकून घेते. पन तिले कोनी रडवलेलं मले पाहवत नाही."

मी ओट्याच्या पायरीवर बसले. चाचा म्हणाले, "हात दाखवा बरं."

मी तळहात पुढं केले. त्यांनी हात लावला नाही. आपल्या हाताची पाठ माझ्या तळव्यांजवळ आणली, तव्याचा ताव पाहतात तशी.

"बर्फ हाय, बेटी. ह्या थंडीत असे हात लावले का लेकराले?"

खरंच लावले होते. सकाळी बसमधून उतरून, थंड पाण्यानं हात धुवून, तसेच. चार वर्षं शिकले, सांध्यांची नावं पाठ केली, आणि ही गोष्ट मला एका गादीवाल्यानं सांगायची होती. नसीमनं आतून शेगडी आणून पायरीवर ठेवली. मी हात शेकले. चाचा कापूस भरत राहिले. इनाया आईच्या खांद्यावरून निखाऱ्यांकडं पाहत होती.

"घेऊ का?" मी नसीमला विचारलं.

तिनं चाचांकडं पाहिलं. मग इनायाला माझ्या मांडीवर दिलं.

त्या दिवशी मी काहीच केलं नाही. तिला कुशीवर घेतलं, पाठ माझ्या पोटाशी, गुडघे जरा वर, डोकं माझ्या दंडावर, हनुवटी किंचित खाली. एक तळवा तिच्या छातीवर ठेवला. बोटांची टोकं टेकवली की बाळाला टोचल्यासारखं होतं, म्हणून पूर्ण तळवा. आणि थांबले. छाती भराभर वरखाली होत होती. मी माझा श्वास संथ ठेवला. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू तिच्या पोटातला ताण उतरला, मग खांद्यातला, मग मांड्यांतला. मुठीतून अंगठा बाहेर आला. ती माझ्या मांडीवर जड झाली. बाळ विसावलं की जड होतं, हे सगळ्या आयांना ठाऊक असतं.

"झोपली," नसीम कुजबुजली. "माझ्या सासऱ्याशिवाय अशी कोनापाशी नाही झोपत."

जाताना चाचांनी विचारलं, "पुन्हा कधी येता?"

त्या हंगामात मी आठवड्यातून दोनदा त्या ओट्यावर गेले. केंद्रातलं काम दुपारी संपायचं, तिथून चालत दहा मिनिटं. बाहेर जग कापसानं भरलं होतं. मार्केटच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, चहाच्या टपऱ्यांवर रुमाल बांधलेले शेतकरी, जिनिंगच्या आवारात टेकड्या. या सगळ्यातून मी चालत जायची आणि गल्लीत वळलं की आवाज कापसात मुरून जायचा. तिथं काळ वेगळा चालायचा. आजही डोळे मिटले तर त्या दुपारींचा क्रम मला लावता येत नाही. त्या सगळ्या मिळून एकच लांब दुपार वाटते.

इनायाला पाठीवर ठेवलं की ती मागं ताणायची, म्हणून आम्ही तिला कुशीवर ठेवू लागलो. कुशीवर हात आपोआप पुढं येतात. पालथं ठेवलं की घाबरायची, म्हणून आधी नसीमच्या छातीवर पालथं ठेवलं. नसीम भिंतीला उशी लावून अर्धवट रेलायची आणि इनाया आईचा चेहरा पाहायला मान उचलायची. आईच्या चेहऱ्याइतकं चांगलं खेळणं कुठल्याच केंद्रात मिळत नाही. पुढं तिला छातीखाली लोड हवा होता. मी चाचांना हातानं माप दाखवलं. त्यांनी मऊ लोड करून दिला, इनाया त्यात रुतली. मी म्हटलं, "चाचा, घट्ट पाहिजे. दबला नाही पाहिजे."

"घट्ट?" ते म्हणाले. "साठ वर्षं झाली, सगळे म्हन्तात नरम पाहिजे, नरम पाहिजे. तुम्ही पहिल्याच."

त्यांनी जुना कापूस ठोकून ठोकून लोड भरला. मग स्वतःहून आणखी दोन केले, एक बारीक, एक जाड. "पोरगी वाढंन तसे लागतीन," म्हणाले. वर फुलाफुलांचं कापड चढवलं.

सगळ्यांत जास्त वेळ नसीमला उचलायला शिकवण्यात गेला. बाळाला सरळ वर उचललं की ते ताणतं. आधी कुशीवर वळवायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, मग त्या गोलाईतच उचलायचं. तोंड बाहेरच्या बाजूला, पाठ आपल्या छातीला, एक हात मांड्यांखाली. मी माझे हात नसीमच्या हातांवर ठेवायची आणि आम्ही दोघी मिळून तिला उचलायचो. पंधरा दिवसांनी नसीम माझ्यापेक्षा चांगलं उचलू लागली. इनायानं अंग आखडायला सुरुवात करायच्या आधीच तिला कळायचं. मी विचारलं, कसं कळतं? ती म्हणाली, "तिचा श्वास बदलते ना, ताई."

मॅडमची ताई कधी झाले, ते लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला थोडा मत्सर वाटला होता. शिकलेली मी होते.

पौषाच्या तोंडाशी एक दुपार अशी आली की तिची आठवण मी अजून जपून जपून काढते. इनाया कुशीवर होती. माझा तळवा तिच्या फऱ्यावर, खांद्यामागच्या चपट्या हाडावर होता. तिथं अगदी हलकं पुढं ढकललं की हात पुढं येतो. मी ढकललं नव्हतं, नुसता हात ठेवला होता. तिचा वरचा हात उठला, हवेत जरा चुकला, आणि खालच्या हातावर येऊन बसला. एका हाताला दुसरा हात सापडला. इनाया पाहत राहिली. बोटं बोटांवरून फिरली. आम्ही तिघंही पाहत राहिलो. चाचांच्या मांडीवर अर्धवट शिवलेली गादी होती.

आणि त्याच आठवड्यात इरफानभाई भेटले.

इनायाचे वडील जिनिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करायचे. इतके दिवस ते मला दिसलेच नव्हते. त्या दुपारी पाळी सुटल्यावर ते गल्लीत आले. पापण्यांवर, भुवयांवर कापूस, त्यामुळं तरुण माणूस एकदम म्हातारा दिसत होता. ओट्यापाशी थांबले. इनायाकडं न पाहता माझ्याशी बोलले.

"मॅडम, उमरखेडकडं एक बाई हाय म्हन्तात. पाय ओढून सरळ करून देते. मामानं सांगितलं. मी घेऊन जातो म्हन्तो."

"नका नेऊ," मी म्हणाले. "पाय ओढून ताण जात नाही. वाढतो. दुखेल तिला."

"मंग तुम्ही सांगा. दीड महिना होऊन राह्यला. बसली का ती?"

"नाही."

"चालंन का?"

नसीमनं मान खाली घातली. चाचांची सुई थांबली. मला त्या क्षणी हो म्हणायचं होतं. चोवीस वर्षांच्या मुलीला लोकांना आनंदी करायची फार हौस असते. पण मांडीवर इनाया होती, तिचं वजन मला कळत होतं, आणि त्या वजनाशी खोटं बोलता येईना.

"मला माहीत नाही, इरफानभाई," मी म्हणाले. "मान धरू लागलीय. हात उघडतेय. बसेल असं मला वाटतं. चालण्याचं आज कोणालाच सांगता येणार नाही."

आता ते चिडतील, पोरीला उचलून नेतील, असं वाटलं. मग म्हणाले, "आतापर्यंत कोनी म्हन्लं चालंन, कोनी म्हन्लं कधीच नाही. माहीत नाही म्हननारे तुम्हीच पहिल्या." आणि मग, हळू आवाजात, "मी तिले उचलत नाही. मशिनीवर काम करतो मी. हात जड हायेत. मोडंन-बिडंन वाटते."

नसीमनं चमकून वर पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं नवऱ्याला पोरीची लाज वाटते.

"हात धुवून या," मी म्हणाले.

ते गेले. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं. परत आले तेव्हा बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि चेहऱ्यावरचा कापूस तसाच होता. मी त्यांना भिंतीला टेकून बसवलं. कसं धरायचं ते नसीमनं दाखवलं. "मांडीखाली हात घाला. असा नाही, पुरा पंजा. गुडघे पोटाशी घ्या. हां. आता जवळ घ्या." इनाया आधी ताणली. इरफानभाई घाबरून माझ्याकडं पाहू लागले. मी काहीच केलं नाही. "थांबा जरा," नसीम म्हणाली, "ती येते आपोआप." आणि ती आली. त्यांच्या छातीला टेकून हळूहळू सैल झाली. वडिलांच्या मोठ्या काळ्या बोटाभोवती तिनं मूठ मिटली. इरफानभाईंनी डोकं भिंतीला टेकलं आणि डोळे मिटून घेतले. पापण्यांवरचा कापूस भिजला.

उमरखेडच्या बाईचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. दुपारची पाळी असली की ते नसायचे, पण सकाळची असली की मी यायच्या आधी हात धुवून बसलेले असायचे.

संक्रांत होऊन गेली होती. मी दारव्ह्याहून आईनं केलेले तिळाचे लाडू नेले होते आणि चाचा दात नसल्यानं लाडू गालात धरून बसले होते. इनायाला मी ओट्यावर बसवलं होतं, पाय पुढं, माझे हात तिच्या कंबरेशी. आमच्या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट हात लावण्याची नाही, काढण्याची आहे. लवकर काढला तर बाळ पडतं आणि भितं. काढलाच नाही तर ते आपल्या हातावर बसायला शिकतं, जमिनीवर नाही. मधे कुठंतरी तो क्षण असतो, आणि तो कागदावर सापडत नाही. तिचं पोट माझ्या बोटांखाली घट्ट झालं, कंबर सरळ झाली, मी भार हलका केला, आणखी हलका केला. मग नुसती ऊब उरली असेल. मग तीही मी मागं घेतली.

इनाया बसली होती.

पाठीला थोडा बाक, डोकं हलतंय, तोंड उघडं. मागं यंत्र चालू होतं आणि त्याच्यातून उडालेला एक तंतू तिच्यासमोरून उजवीकडं चालला होता. तिनं तो पाहिला. त्याला धरायला ती वळली, आणि कलंडली.

नसीम ओरडून पुढं झाली. इनाया बाजूला पडली, घाबरली, रडू लागली. "पडली ना, ताई!" नसीम म्हणाली. आणि मी हुंदके देत होते. त्यांना वाटलं मला अपराधी वाटतंय. चाचा म्हणाले, "रडू नको बेटी, लागलं नाही तिले."

मी नुसती इनायाचा उजवा हात दाखवत होते. पडताना तो हात आपोआप बाजूला आला होता. मूठ उघडली होती आणि पूर्ण तळवा जमिनीवर टेकला होता. अर्धा क्षणच, मग कोपर दुमडला. पण टेकला होता. हे कोणी शिकवू शकत नाही. पडणाऱ्या जिवाला स्वतःला सावरावंसं वाटतं तेव्हा तो हात येतो, आणि तो यायला लागला की पुढचा रस्ता उघडतो. मी कसंबसं हे सांगितलं. नसीमनं तो लहानसा तळवा उलटा करून पाहिला. ओट्यावरची धूळ त्याला लागली होती. तिनं ती पुसली नाही.

फाल्गुनात गाड्यांची रांग संपली, पळस फुलले आणि माझी बदली यवतमाळला झाली. पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत राहिलं. इनाया दीड वर्षाची झाली तेव्हा आधाराशिवाय बसू लागली. रांगली उशिरा, एक पाय ओढत. पाच वर्षांची होत असताना पायांना आधाराच्या पट्ट्या आणि हातात काठी घेऊन चालली. नसीमनं फोनवर मला नुसते पावलांचे आवाज ऐकवले होते, टक, थांबून टक. चाचा ते ऐकायला नव्हते. आदल्याच हिवाळ्यात ते गेले. पुढं इरफानभाईंना उमरखेडला काम मिळालं आणि सगळे तिकडं राहायला गेले.

आता माझ्याकडं शिकाऊ मुली येतात. त्यांच्या मोबाईलमध्ये सगळे व्हिडिओ असतात, कुठं धरायचं, किती वळवायचं. हुशार असतात. त्यातली एक मधे मला विचारत होती, "मॅडम, पण हात नेमका कधी काढायचा?" मी बरंच बोलले. ती लिहून घेत होती. माझं मलाच कळत होतं की मी उत्तर देत नाहीये.

गेल्या आठवड्यात नसीमचा फोन आला. "ताई, या ना. इनायाले बहीन झाली. चाळीस दिवस झाले."

परवा मी त्याच रस्त्यानं गेले. उमरखेडचं त्यांचं घर दोन खोल्यांचं, दारात तुळतुळीत शहाबादी फरशी, उन्हात वाळत घातलेली दुपटी. इनाया शाळेतून नुकतीच आली होती. तिसरीत आहे. लांब वेणी, वडिलांसारखे डोळे. काठी भिंतीला टेकवून ती पलंगाच्या कडेला बसली. चालताना अजून डुलते, उजवा हात थोडा उशिरा ऐकतो. माझ्याकडं तिनं जेमतेम पाहिलं. तिचं सगळं लक्ष पाळण्यात होतं.

"आज मले दे," ती आईला म्हणाली.

"उद्या," नसीम म्हणाली.

"तू रोजच उद्या म्हन्ते."

नसीमनं माझ्याकडं पाहिलं. एवढी मोठी लढाई जिंकलेली ती बाई, पण या मुलीच्या हातात ते बाळ द्यायचं तिच्यानं होत नव्हतं. इनायाला ते कळत होतं. नऊ वर्षांच्या मुलीला असं कळणं मला फार लागलं. इरफानभाई दारातून आत आले, काय चाललंय ते त्यांना न सांगताच समजलं, आणि ते पाळण्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले. ठरवायचं नसीमलाच होतं.

नसीमनं बाळ उचललं. इनाया मागं सरकून भिंतीला टेकली. पाय पसरले, डावा हात तयार ठेवला, आणि उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट लावून घेतला. कोणी काही सांगितलं नव्हतं. नसीमनं बाळ तिच्या कुशीत ठेवलं आणि स्वतःचे हात तसेच खाली धरून वाकून राहिली. माझेही हात नकळत पुढं आले होते.

बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, कुरकुरलं, अंग ताणलं. मग डोकं इनायाच्या कोपरात घुसवलं आणि गप्प झालं.

"झोपली का?" नसीमनं विचारलं.

"श्श." इनायानं वर न पाहता आम्हा तिघांना दटावलं. "मागं सरका न बापा सगळे. झोपून राह्यली ती."

आम्ही मागं सरकलो.